परीक्षेच्या उन्हातली पुडी

यंदा कडुनिंब फुलला तेव्हा मी नववीच्या वार्षिक परीक्षेला वर्गावर देखरेखीला होतो. सेलूच्या आमच्या शाळेत खिडकीला लागूनच झाड आहे. वारा आला की बारीक पांढरी फुलं आत येतात, उत्तरपत्रिकांवर पडतात, मुलं ती फुंकरीनं उडवतात आणि पुन्हा लिहायला लागतात. त्या फुलांचा वास गोडही असतो आणि कडूही. सकाळचा पेपर, तरी नऊ वाजता पंख्याखालची हवा तापलेली असते. हा वास आणि ही हवा एकत्र आली की मी कुठंही असलो तरी एकवीस वर्षांचा होतो, वर्ध्यातल्या एका भाड्याच्या खोलीत पालथा पडून रसायनशास्त्राची वही वाचत असतो, आणि मला भयंकर झोप येत असते.

पेपर संपला, गठ्ठे बांधले, आणि कपाटात ठेवलेला मोबाइल हातात घेतला तर प्रज्ञाचे तीन फोन येऊन गेलेले.

प्रज्ञा आमच्या बी.एस्सी.च्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. नालवाडीची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. ती पुढं स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी झाली, जिल्ह्याजिल्ह्यांत बदल्या झाल्या, आणि आता निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना वर्ध्यालाच आली आहे. कॉलेज सोडून तीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांना एकत्र बोलवायचं, हे तिच्याच डोक्यातून निघालं. मे महिन्यातला एक रविवार ठरला, हॉल ठरला, आणि एक छोटी पुस्तिका छापायचंही ठरलं. प्रत्येकाचं नाव, गाव, सध्या काय करतो, मुलंबाळं आणि कॉलेजची एक आठवण. मी शाळामास्तर, माझं अक्षर चांगलं, म्हणून माहिती गोळा करण्याचं काम माझ्याकडं आलं.

मी फोन लावला तर ती म्हणाली, "अरुण, सगळ्याइचं लिहून झालं, विनूचंच राह्यलं. त्याले तूच फोन कर. आन् हे बी सांग का माइक त्याच्याच हाती राहीन. दुसऱ्या कोणाले मी उभं करत नाई."

"करतो," मी म्हणालो.

"दोन महिने झाले तू करतोच म्हणून राह्यला. काऊन नाई केला?"

मी काहीतरी बोललो. पेपर, गठ्ठे, निकाल. खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या दोन महिन्यांत मी बाकीच्या सगळ्यांशी बोललो होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांची खबरबात गोळा करणं हे वाटतं तितकं गमतीचं काम नाही. फोन लागला की पहिली दोन मिनिटं आरडाओरडा. अबे, तू? कुठं हायेस बे? मग हसणं. मग हळूहळू आवाज खाली येतो. एकानं बँकेतून वेळेआधीच निवृत्ती घेतली होती. का, विचारलं तर म्हणाला, सकाळी उठवत नव्हतं रे. एकीचा मुलगा कॅनडात, आणि ती नवऱ्यासोबत नागपूरला एका मोठ्या फ्लॅटमध्ये त्या मुलाचा कुत्रा सांभाळते. एकाची बायको कोरोनात गेली. तो तिच्याबद्दल बोलताना अजून वर्तमानकाळ वापरत होता, आणि मी त्याची चूक सुधारली नाही. एक वर्गमैत्रीण, जिच्या मागे अर्धा वर्ग होता, तिनं 'सध्या काय करता' या रकान्यात लिहून पाठवलं, 'काही नाही.' मी फोन करून म्हटलं, अगं, काहीतरी लिही. ती म्हणाली, "तेच लिही ना अरुण. खोटं कायले लिहायचं?"

मी वही पुढं ओढायचो आणि प्रत्येकाच्या तीस वर्षांच्या तीन ओळी करायचो. फक्त विनूच्या नावापुढं जागा कोरी होती.

विनायक केळझरचा. गावात टेकडीवर गणपती, म्हणून घराघरात एखादा तरी विनायक, गजानन असतोच. हा त्यातला एक. घरी भाजीपाल्याची शेती. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, चवळीच्या शेंगा. पहाटेच्या बसनं तो कॉलेजला यायचा तेव्हा बसच्या टपावर त्याच्या वडिलांच्या पालकाच्या जुड्या असायच्या आणि आत हा. अंगानं काटकुळा, दिसायला कसातरीच, पण तोंड उघडलं की सगळे वळून बघायचे. काय आवाज होता! खर्जातला, भरलेला आणि तरी गोड. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यानं एकदा माइक हातात घेतला, त्यानंतर तीन वर्षं तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही. प्राचार्यांचं भाषण चालू असताना मागं कुजबुज असायची. विनू 'यानंतर' एवढं म्हणाला की हॉल चिडीचूप. त्याला रेडिओवर निवेदक व्हायचं होतं. त्यासाठी तो गरम पाणी प्यायचा, लोणचं खायचा नाही, थंड खायचा नाही. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "हसा लेकहो. तुमच्यापाशी मार्क हायेत. मायापाशी हेच एक हाये."

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी तो माझ्या खोलीवर राहायला आला. खोली पत्र्याची. खिडकीबाहेर कडुनिंब होता म्हणून जगलो. सकाळी पेपर द्यायचा, अकराला मेसमध्ये वरणभात खायचा, आणि मग दुपारभर पुढच्या पेपरचा अभ्यास. ती दुपार! पत्रा तापून टकटक वाजायचा. ओला टॉवेल अंगावर घेतला तर दहा मिनिटांत कोरडा. डोळ्यांपुढं अक्षरं पोहायला लागायची. विनू तर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा, त्याचं कपाळ वहीवर आपटायचं आणि तो दचकून म्हणायचा, "कुठवर आलतो आपण?"

मला त्या दिवसांत एक उपाय सापडला होता. मेसमधल्या एका एम.एस्सी.च्या मुलानं दाखवलेला. आमच्याकडं गल्लोगल्ली पानठेल्यावर खर्रा मिळतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, चांगला मळून त्याची पुडी करून देतात. चिमूटभर गालात धरला की कानशिलं गरम होतात, डोकं हलकं होतं आणि झोप पळते. मी आठ-दहा दिवस खात होतो. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या पेपरच्या आदल्या दुपारी विनूचं कपाळ तिसऱ्यांदा वहीवर आपटलं, तेव्हा मी खिशातून पुडी काढून त्याच्यापुढं धरली.

"नाई बे," तो म्हणाला, "आवाज खराब होते."

आणि मी म्हणालो, "एका पुडीनं काय आवाज जाते काय?"

वाक्य एवढंच. मी ते हसत म्हणालो होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, पुडीकडं बघितलं, आणि चिमूट उचलली. पहिल्यांदा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग त्या दुपारी तो चार वाजेपर्यंत एकही डुलकी न घेता वाचत बसला. संध्याकाळी म्हणाला, "काम करते बे हे." दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच जाऊन दोन पुड्या आणल्या. एक माझ्यासाठी.

परीक्षा संपली. माझ्या जिभेला फोड आले होते, तिखट खाता येत नव्हतं. मी गावी गेलो, घरी वडिलांसमोर खायची सोय नव्हती, आणि आठ दिवसांत मला त्याची आठवणही राहिली नाही. विनूचं तसं झालं नाही.

त्याच पावसाळ्यात त्याचे वडील गेले आणि रेडिओचं राहूनच गेलं. तो शेती बघायला लागला. पुढं सेलूच्या भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायला उभा राहायचा. वांग्याचे क्रेट, कोबीची पोती, आणि मधोमध विनू. त्याची बोली बसस्टँडपर्यंत ऐकू यायची. मी त्याच गावात नोकरीला लागलो होतो. कधीमधी भेट व्हायची. गालात फुगवटा असायचा. बोलताना तो मान वर करून बोलायचा, तोंडातलं सांडू नये म्हणून. मी काही म्हणायचो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? हळूहळू मी बाजाराच्या बाजूनं जाणंच कमी केलं. भाजी बायको आणायची.

एकदा मात्र त्याच्या आवाजानं मला असं काही दिलं की त्याची परतफेड नाही. माझी मुलगी पाच वर्षांची होती. चतुर्थीच्या जत्रेला आम्ही केळझरला गेलो होतो, आणि टेकडीच्या पायऱ्यांवर त्या गर्दीत तिचा हात सुटला. बायको जागीच बसली. मी वेड्यासारखा वरखाली पळत होतो. आणि वरून, मंदिराच्या भोंग्यातून आवाज आला. "लाल फ्राक, दोन वेण्या, नाव गौरी सांगते. बाप्पाच्या पाठीमागं, पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी आहे. लाडू खाऊन राह्यली. आईवडिलांनी घाबरू नये." तो विनू होता. जत्रेत हरवल्याची घोषणा दरवर्षी तोच करायचा. त्या आवाजात 'घाबरू नये' ऐकलं आणि माझे पाय थांबले. मी वर पोचलो तेव्हा मुलगी त्याच्या मांडीवर बसली होती. "तुयी हाये हे?" तो म्हणाला, "मले नाकावरूनच वाटलं." हसला, तेव्हा मला दिसलं की त्याचं तोंड पूर्ण उघडत नाही. लाडूचा तुकडा त्यानं चुरून, बोटांनी आत सरकवून खाल्ला.

तेव्हाही मी काही बोललो नाही. मुलीला कडेवर घेतलं आणि खाली उतरलो.

दरवर्षी शाळेत आम्ही मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ देतो. मी विज्ञान शिकवतो म्हणून शपथ मीच वाचून दाखवतो. मैदानात चारशे मुलं हात पुढं करून माझ्यामागून म्हणतात, मी तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करणार नाही आणि इतरांना करू देणार नाही. इतरांना करू देणार नाही, हे वाक्य मी जरा भरभर म्हणतो. मुलांच्या लक्षात येत नाही.

त्या दिवशी, प्रज्ञाचा फोन झाल्यावर, मी शाळेच्या आवारातच कडुनिंबाखाली उभं राहून विनूचा नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग त्याच्या बायकोनं, मंदानं उचलला.

मी नाव सांगितलं, कार्यक्रमाचं सांगितलं. म्हटलं, "विनूला द्या ना जरा."

"थे बोलत नाईत," ती म्हणाली.

मला वाटलं रागावला असेल. इतकी वर्षं मी त्याला टाळत होतो. "माझ्यावर रागावला काय, वहिनी?"

मग ती म्हणाली, "नाई भाऊजी. बोलताच येत नाई त्याइले. जीभ काढली ना दिवाळीत."

मी म्हणालो, मी येतो. ती म्हणाली, "येजा. पण दुपारच्यानं येजा. सकाळी त्याइले दवा लागते तं झोपून राह्यतात."

रविवारी स्कूटर काढली. सेलू मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटून ढीग लावलेले. एवढ्या उन्हात रस्त्यावर माणूस नव्हतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. तीस वर्षं मला ते बोलायचं होतं, आणि आता ऐकणारा असा होता की जो मला मधेच थांबवूही शकणार नव्हता. खरं सांगायचं तर या विचारानं मला थोडं बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

घर रस्त्यापासून आत, मळ्याला लागून. अंगणात जांभळाच्या झाडाखाली बाज टाकलेली होती. त्यावर विनू बसला होता. मी त्याला त्याच्या कानांवरून ओळखलं. चेहऱ्याचा डावा खालचा भाग नव्हताच. जबड्याचं हाड काढून छातीवरची कातडी तिथं लावली होती, आणि त्या कातडीवर छातीचे केस तसेच उगवलेले होते. नाकातून नळी. गळ्याला पातळ फडकं. मला बघितल्यावर त्याचे डोळे हसले. डोळे तेच होते. त्यानं हातानं बाजेवर थोपटलं. बस.

मंदानं पाण्याचा तांब्या दिला. बारीक अंगाची बाई, पदर खोचलेला, हात मातीचे. दोन मुली. मोठी नर्सिंगला, धाकटी बारावीला. धाकटी परीक्षा संपवून मळ्यात पालक खुडत होती. हे सगळं मंदानंच सांगितलं. दुखणं आधी गालात होतं, मग जिभेवर गेलं. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले. मग ती त्याच्याकडं पाठ करून, मडक्यावर झाकण ठेवता ठेवता हळू म्हणाली, "आता गळ्यात आलं म्हणते डॉक्टर. घरीच ठेवा म्हणते." मी विनूकडं पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. कान शाबूत होते.

त्याच्या उशाशी शंभरपानी वही होती. तिच्यात लिहून तो बोलायचा. अक्षर अजून तसंच, गोल, मोठं. 'गौरी कशी हाये?' त्यानं पहिलं तेच विचारलं. मी म्हटलं, इंजिनियर झाली, पुण्याला आहे. त्यानं लिहिलं, 'लाडूवाली.' मी हसलो. माझे डोळे भरून आले.

मग मी पुस्तिकेचं सांगितलं. प्रज्ञानं माइक तुझ्याच हाती द्यायचं म्हटलं, हे सांगितलं नाही. म्हटलं, सगळ्यांकडून एकेक आठवण घेतो आहे, तुझी दे. तो बराच वेळ जांभळाच्या फांद्यांकडं बघत बसला. मग लिहिलं, 'परीक्षेत चौदा एप्रिल आलता. प्रज्ञाच्या घरी खीर खाल्ली. तिच्या मायनं दोनदा वाढली. उद्या पेपर हाये, पोटभर खा म्हणे.'

ती खीर मलाही आठवते. नालवाडीला निळ्या पताका लागलेल्या, गल्लीत लाउडस्पीकर, आणि दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत आम्ही दोघं चटईवर बसून शेवयांची खीर खात होतो. प्रज्ञा हातात वही घेऊनच वाढत होती. पण त्या महिन्यातून काही उचलायचं म्हटलं तर माझा हात खिरीवर कधी गेला नसता. माझ्या लेखी ते सगळे दिवस एका दुपारीत जमा झाले होते.

मी वही बाजूला ठेवली. म्हणालो, "विनू, मला तुला एक सांगायचं आहे. तुला पहिली पुडी मी दिली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. वही ओढली. लिहिलं, 'कवा?'

मी सांगितलं. पत्र्याची खोली, फिजिक्सचा दुसरा पेपर, तू डुलक्या घेत होतास, आवाज खराब होते म्हणाला होतास, आणि मी काय म्हणालो. ते वाक्य मी त्याला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तीस वर्षांत ते मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं.

तो आठवायचा प्रयत्न करत होता. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यानं मान हलवली. नाही. लिहिलं, 'मले वाटे सेलूच्या बजारात लागला.' थोडं थांबून खाली लिहिलं, 'तू देल्ली तं देल्ली असन.' आणि पेन ठेवून दिला, जणू विषय एवढाच होता.

मी तिथं काय घेऊन गेलो होतो ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं तो चिडेल, नाहीतर माफ करेल. त्याच्याजवळ दोन्ही नव्हतं. ज्याच्यापाशी माझी चूक जमा होती असं मी धरून चाललो होतो, त्याच्या मनात तिची साधी नोंद नव्हती. तो मला माफ करू शकत नव्हता, कारण त्याच्यापुरतं काही घडलंच नव्हतं. आता ती दुपार जगात माझ्या एकट्याजवळ उरली. तिच्याबद्दल विचारायला दुसरा साक्षीदार नाही.

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. दमला होता. तोंडातून लाळ गळत होती, ती त्यानं स्वतःच फडक्यानं टिपली. मी त्याच्या हातावर हात ठेवून थोडा वेळ बसलो. हात तापलेला होता. मळ्यात कुठंतरी मोटार सुरू होती आणि पाणी पाटातून जात होतं. त्याला झोप लागली तसा मी उठलो.

मंदा फाटकापर्यंत आली. माझ्या हातात तिनं सांभाराच्या दोन जुड्या दिल्या. नको म्हटलं तर म्हणाली, "असू द्या. उन्हानं सुकून जाईन." मग तिथंच उभी राहिली. मी स्कूटर वळवली, तरी ती उभीच.

"तुमी त्याइले सांगून राह्यले होते, ते मी आयकलं," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. पुढं काय येईल त्याची तयारी केली. म्हटलं तर मला तेच हवं होतं. कुणीतरी मला बोलावं.

"म्हणजे तुमी बी खात होते?"

"हो. एखादा महिना."

"मंग तुमचं कसं सुटलं, भाऊजी?"

ती मला दोष देत नव्हती. ती खरंच विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी उत्सुकता होती, की जणू अजून उशीर झालेला नाही आणि उत्तर मिळालं तर ती आत जाऊन ते वापरणार आहे. "मी तं काय काय केलं," ती सांगू लागली, "पोरींच्या डोक्यावर हात ठेवायले लावून शपथ घातली. पुड्या चुलीत टाकल्या. एक वर्ष बोललीच नाई त्याइच्याशी. बाप्पाले पायी गेली अनवाणी. थे बी म्हणत, सोडतो मंदा, या चतुर्थीपासून सोडतो. आठ दिवस सोडत, हातपाय कापत, जेवण जाये नाई. नववे दिवशी पुन्हा. तुमचं कसं सुटलं?"

मी उत्तर शोधलं. जिभेला फोड आले. परीक्षा संपली. वडील समोर होते. यातलं काहीही त्या बाईपुढं ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं. तिनं पंचवीस वर्षं जे केलं त्याच्या शतांशानंही मी काही केलेलं नव्हतं.

"सुटलं," मी म्हणालो. "आपसूकच सुटलं."

तिनं मान डोलावली. वर्गात मास्तरानं न कळणारं काही सांगितलं की मुलं डोलावतात तशी. "बरं," ती म्हणाली. "सावकाश जाजा."

परत येताना सेलूच्या अलीकडं मी स्कूटर एका झाडाखाली थांबवली. थांबून काही केलं नाही. बसलो आणि उठलो.

त्या संध्याकाळी मी पुस्तिकेत विनूच्या तीन ओळी लिहिल्या. विनायक, केळझर. भाजीपाल्याची शेती. पत्नी मंदा, दोन मुली. आठवणीच्या जागी खीर. प्रकृतीचा रकाना पुस्तिकेत नव्हता. प्रज्ञाला फोन करून सगळं सांगितलं, पुडीचं सोडून. तिनं मंदाचं, मुलींचं विचारलं. मग म्हणाली, "माय असती तं आज पुन्हा खीर केली असती." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच केळझरला जाऊन आली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मे लागला. निकाल लागले. कडुनिंबाची फुलं झडून आता झाडाला हिरव्या निंबोळ्या धरल्या आहेत. पुस्तिका छापून आली. आमच्या ग्रुपवर नाश्त्याला पोहे की सांभारवडी यावर दोन दिवस चर्चा चालली होती, आणि त्या चर्चेच्या मधोमध, मंगळवारी सकाळी, प्रज्ञानं लिहिलं की आपला विनायक गेला. एकामागून एक हात जोडलेली चित्रं येत राहिली. कुणी लिहिलं, काय आवाज होता. कुणी त्याचा गॅदरिंगमधला जुना फोटो टाकला, हातात माइक, तोंड मोठं उघडलेलं. दुपारपर्यंत ते सगळं चाललं. संध्याकाळी एकानं विचारलं, मग रविवारचं नक्की ना? प्रज्ञानं एका शब्दात उत्तर दिलं, नक्की.

तर रविवारी कार्यक्रम आहे. आज शुक्रवार. मी जाईन, असं वाटतं. त्या पुस्तिका माझ्याच घरी पडल्या आहेत, त्या पोचवायला तरी जावं लागेल. सगळे भेटतील, ओळखू येणार नाहीत, मग येतील. विनूच्या तीन ओळी वर्तमानकाळातच छापल्या गेल्या आहेत.

मंगळवारी मी अंत्यविधीला गेलो होतो. नाल्याच्या काठी, ऊन मी म्हणत होतं. सरण रचेपर्यंत पुरुषमंडळी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत दाटीवाटीनं बसली होती. मडकं मोठ्या मुलीनं धरलं होतं. ती रडत नव्हती, फक्त पायाला चटके बसत होते म्हणून उभ्या उभ्या पाय बदलत होती. माझ्या शेजारी विनूचे थोरले भाऊ बसले होते. साठी ओलांडलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा. बाहेरगावच्या कुणीतरी त्यांना विचारलं, "किती वर्साचे होते?" त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसता हात हलवला. त्यांचा गाल भरलेला होता. मग एकाएकी त्यांच्या छातीत काहीतरी दाटून आलं, अंग गदगदा हलायला लागलं, पण तोंडातून आवाज निघेना. ते घाईघाईनं उठले, बाजूला गेले, वाकून थुंकले, दुपट्ट्यानं ओठ पुसले, आणि तेव्हा कुठं त्यांना रडता आलं. "माया लायना भाऊ गेला वो," ते मोठमोठ्यानं म्हणत होते, "माया आधी गेला." दोघातिघांनी त्यांना धरून पुन्हा सावलीत आणून बसवलं.

सरण पेटलं. ज्वाळा उन्हात दिसत नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती. ते बघत बसलेल्या त्या भावाचा हात आपसूक खिशात गेला. त्यांनी पन्नी काढली, तळहातावर घेऊन दोन्ही हातांनी घोटली, सोडली, आणि मी पाहुणा म्हणून आधी माझ्यापुढं केली. "घ्या मास्तर."

मी मान हलवली.

त्यांनी चिमूट उचलली, गालात ठेवली आणि गप्प झाले. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून समोर बघत राहिलो. माझं तोंड रिकामं होतं, तरी मी काही बोललो नाही.